बाटलीतला कालचा दिवस

जर्मनीतल्या बोखुम शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या अभ्यासासाठी पाच जणांनी ४८ तास उपवास केला. साबुदाण्याच्या खिचडीवर आणि वऱ्याच्या भातावर निभणारा हा उपवास नव्हता. खायचं काहीच नाही, प्यायचं फक्त मिनरल वॉटर, आणि तेही काचेच्या बाटलीतलं. लघवीला जावं लागलं की दर वेळी ती वेगळ्या बाटलीत धरायची आणि त्यावर वेळ लिहायची. शिवाय वहीत नोंद ठेवायची: आंघोळ कधी केली, अंगाला काय लावलं, कुठे जाऊन आलो.

होल्गर कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाटल्या तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरतात त्या रसायनांच्या खुणा ते शोधत होते. डीईएचपी, डीआयएनपी अशा मोठ्या रेणूंच्या रसायनांची पातळी उपवास सुरू झाल्यापासून दिवसभरात पाच ते दहा पटींनी खाली आली. म्हणजे ही मंडळी शरीरात शिरत होती ती मुख्यतः जेवणातून. डायइथाइल थॅलेट नावाच्या लहान रेणूला मात्र उपवासाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याची पातळी जेवणावर नव्हे, तर अंगाला लावायच्या सुवासिक वस्तूंवर हलत होती. डायइथाइल थॅलेट अत्तरं आणि सुगंधी प्रसाधनांमध्ये सर्रास वापरलं जातं, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं.

ताटात काय होतं आणि अंगाला काय चोपडलं होतं, हे लघवीने असं वेगवेगळं करून सांगितलं. या चाचणीची सगळी ताकद इथे दिसते. तिच्या मर्यादाही याच प्रयोगात दडलेल्या आहेत, पण त्या पुढे येतीलच.

पीव्हीसी हे मुळात कडक, ठिसूळ प्लास्टिक. घराबाहेरचे पाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याच पीव्हीसीची सलाईनची नळी, रेनकोट, रेक्झिन किंवा जमिनीवर अंथरायचं व्हिनाइल करायचं तर त्यात तेलकट, जवळपास बिनवासाचा द्रव मिसळावा लागतो. हाच प्लास्टिसायझर. तो थोडाथोडका नसतो. रक्ताच्या पिशवीच्या वजनात ३० ते ४० टक्के वाटा त्याचाच असू शकतो. आणि हा द्रव पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्यांच्या मधे शिरून बसलेला असतो. ऊब मिळाली, स्निग्ध पदार्थाचा स्पर्श झाला की तो तिथून निघतो. थॅलेट कुळातली रसायनं या कामासाठी सर्वांत जास्त वापरली गेली, आणि डीईएचपी हे त्यातलं अनेक दशकांचं मुख्य नाव.

तो निसटतो हे कळलं ते उंदरांच्या यकृतामुळे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट रुबिन आणि रुडॉल्फ येगर उंदराचं यकृत शरीराबाहेर काढून त्यातून द्रव खेळवण्याचे प्रयोग करत होते. त्या द्रवात एक अनोळखी पदार्थ सापडायला लागला. तो यकृताने बनवलेला नव्हता, प्रयोगात वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून उतरलेला होता. मग त्यांनी रक्तपेढीतल्या पिशव्यांकडे मोर्चा वळवला. चार अंश तापमानाला ठेवलेल्या पिशवीतल्या दर १०० मिलिलिटर रक्तात दररोज सुमारे पाव मिलिग्रॅम डीईएचपी उतरत असल्याचं त्यांनी १९७२ मध्ये दाखवलं. रक्त जितकं जुनं, तितकं त्यात प्लास्टिसायझर अधिक. गंमत अशी की हेच डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणाला टिकाऊपणाही देतं, म्हणून रक्ताच्या पिशव्यांतून त्याला हाकलणं आजवर सोपं गेलेलं नाही. वैद्यकीय वस्तूंमधलं डीईएचपी हटवण्यासाठीची मुदत युरोपीय संघाने वाढवत वाढवत २०३० वर नेली आहे.

मग मोजायचं तर रक्तातच का मोजू नये? दोन अडचणी आहेत.

पहिली, थॅलेट रक्तात फार काळ थांबत नाहीत. डीईएचपी गिळलं की आतड्यातली विकरं त्याच्या दोन शेपट्यांपैकी एक छाटून टाकतात. उरलेल्या तुकड्याला एमईएचपी म्हणतात. यकृत त्याला ऑक्सिजन जोडून आणखी बदलतं, त्यावर ग्लुकुरोनिक आम्ल चढवून तो पाण्यात विरघळेल असा करतं, आणि मूत्रपिंडं त्याला बाहेर काढतात. बहुतेक माल एक-दोन दिवसांत शरीराबाहेर गेलेला असतो. रक्तात जे क्षणभर दिसतं, ते लघवीत साठून आणि दाट होऊन येतं. शिवाय सुई टोचावी लागत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाकडूनही नमुना मिळतो.

दुसरी अडचण जास्त पेचाची आहे. मूळ थॅलेट सगळीकडे असतात. प्रयोगशाळेच्या हवेत, हातमोज्यांत, नळ्यांत, द्रावकाच्या बाटलीच्या झाकणात. एखाद्याच्या रक्तात डीईएचपी सापडलं तर ते त्याच्या शरीरातलं की तपासणाऱ्याच्या हातमोज्यातलं, हे कसं ठरवणार? म्हणून मूळ रसायन शोधायचंच नाही, शरीराने त्याचे केलेले तुकडे शोधायचे, असा मार्ग निघाला. त्यातही गोम आहे. रक्तात स्वतःचीच विकरं असतात. नमुना घेताना बाहेरून पडलेल्या डीईएचपीचीही शेपटी ती परीक्षानळीत छाटतात, आणि खोटं एमईएचपी तयार होतं. लघवीत हा धोका फार कमी. शिवाय यकृताने ऑक्सिजन जोडलेले पुढचे तुकडे तर हातमोज्यातून येऊच शकत नाहीत. ते सापडले म्हणजे रसायन एखाद्या यकृतातून जाऊन आलंय, एवढं नक्की.

प्रयोगशाळेतली रीत त्यामुळे अशी बसली आहे. लघवीचा छोटा नमुना, एक मिलिलिटरही नाही, घ्यायचा. त्यात मोजायच्या तुकड्यांचीच, पण जड कार्बनने खूण केलेली प्रत ठराविक प्रमाणात घालायची, म्हणजे पुढच्या पायऱ्यांत किती माल गळाला ते कळतं. चढवलेलं ग्लुकुरोनिक आम्ल विकर वापरून उतरवायचं. हे विकर ई. कोलाय जिवाणूचं घेतात. गोगलगायीपासूनही ते मिळतं, पण गोगलगायीच्या अर्कात दुसरी विकरं असतात आणि ती भेसळीच्या थॅलेटवर पुन्हा तीच कात्री चालवतात. मग द्रव क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून नमुना पुढे जातो आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना वजनाने ओळखतो, फोडतो, तुकड्यांवरून खात्री करतो. मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाची, भाषा इथे रोजची आहे.

अटलांटातल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ही रीत पहिल्यांदा मोठ्या गटावर वापरली. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १९८८ ते १९९४ या काळात गोळा करून गोठवलेले २८९ प्रौढांचे नमुने बेंजामिन ब्लाउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर काढले. तोवर सगळ्यांचं लक्ष डीईएचपी आणि डीआयएनपीवर होतं, कारण कारखान्यांत तयार होत होतं ते टनावारी तेच. २००० साली निकाल आले तेव्हा यादी उलटी निघाली. वरच्या जागी होते ते डायइथाइल, डायब्युटाइल आणि बेंझाइलब्युटाइल थॅलेटचे तुकडे, म्हणजे उत्पादनाच्या आकड्यांत मागे असलेली नावं. त्यात डायब्युटाइलचा तुकडा २० ते ४० वयाच्या स्त्रियांमध्ये इतरांपेक्षा जास्त होता. डायब्युटाइल थॅलेट त्या काळी नेलपॉलिशमध्ये असे. कारखान्याच्या दारातून किती माल बाहेर पडला यावरून माणसाच्या पोटात किती गेला हे ठरत नाही, ही गोष्ट सरकारी कागदांत त्या निकालानंतर पक्की झाली. मार्च २००१ मध्ये सीडीसीने अमेरिकी नागरिकांच्या शरीरातल्या रसायनांचा पहिला राष्ट्रीय अहवाल काढला. त्यात २७ रसायनं होती. २००९ च्या चौथ्या अहवालात ती २१२ झाली.

पण डीईएचपी खरंच इतकं कमी होतं का?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला एका ६१ वर्षांच्या स्वयंसेवकाला डीईएचपी खावं लागलं. अर्लांगेन विद्यापीठात कोख आणि युर्गेन आंगेरर यांनी त्याला सुमारे ४८ मिलिग्रॅम डीईएचपी एका वेळी दिलं, जड हायड्रोजनची खूण केलेलं, म्हणजे रोजच्या जेवणातून आलेल्या डीईएचपीशी ते मिसळून जाणार नाही. पुढचे दोन दिवस त्याच्या लघवीचा थेंब न् थेंब तपासला. २००४ आणि २००५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पहिल्या दिवसात एमईएचपी म्हणून बाहेर आलं ते जेमतेम सहा टक्के. ऑक्सिजन जोडलेले पुढचे तुकडे मात्र भरपूर: एक २३ टक्के, एक १८ टक्के, एक १५ टक्के. दोन दिवसांत एकूण तीन चतुर्थांश हिशेब लागला.

आधीच्या तपासण्यांमध्ये डीईएचपी कमी दिसत होतं कारण सगळे त्या सहा टक्क्यांवर डोळा ठेवून बसले होते. आता तपासणारे पुढचे तुकडेही मोजतात. शिवाय एमईएचपी पाचेक तासांत निम्मं होतं, तर शेवटच्या तुकड्याला निम्मं व्हायला जवळपास २४ तास लागतात. दोन्ही एकत्र पाहिले की माणसाने डीईएचपी नुकतंच खाल्लं की काल, याचाही अंदाज येतो.

इथवर ही चाचणी फार चोख वाटेल. एका माणसाच्या एका बाटलीपाशी आलं की तिचा चोखपणा ओसरतो.

एकाच वाटीभर दह्याचं ताक पाणी घालून कितीही वाढवता येतं. लघवीचंही तसंच आहे. दुपारी दोन तांबे पाणी प्यायलेल्या माणसाच्या लघवीत सगळंच पातळ होतं. म्हणून सोबत क्रिएटिनीन मोजतात. स्नायूंच्या कामातून तयार होणारा हा पदार्थ दिवसभरात साधारण ठराविक वेगाने बाहेर पडतो, तेव्हा क्रिएटिनीनच्या प्रति ग्रॅम किती रसायन असा भाव काढला की पाण्याचा फरक बराचसा जातो. पण क्रिएटिनीन स्नायूंवर अवलंबून. पैलवान, म्हातारी आजी आणि तीन वर्षांचं मूल यांना एकाच मापाने तोलता येत नाही. काही प्रयोगशाळा त्याऐवजी लघवीची सापेक्ष घनता धरतात. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे २४ तासांची सगळी लघवी एका भांड्यात गोळा करणं. आणि तो कुणालाच आवडत नाही.

सीडीसीच्या शास्त्रज्ञांनी एकदा आठ प्रौढांची आठवडाभरातली प्रत्येक वेळची लघवी जमा करून तपासली, निकाल २०१० मध्ये आले. डायइथाइल थॅलेटच्या बाबतीत माणसामाणसात फरक मोठा होता, कारण अत्तर लावणारा रोज लावतो आणि न लावणारा कधीच लावत नाही. डीईएचपीच्या बाबतीत उलट. तिथे एकाच माणसाच्या सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला फरकच मोठा होता. कारण कधी काय खाल्लं जातं याचा नेम नाही. मंगळवारी सकाळच्या एका बाटलीवरून त्या माणसाचा महिना सांगणं म्हणजे एका जेवणावरून घराची ऐपत ठरवणं. परदेशात हल्ली घरबसल्या लघवी पाठवून 'प्लास्टिकचा अहवाल' मागवण्याची सोय निघाली आहे. त्या अहवालातला आकडा खोटा नसतो, पण तो बहुधा काल रात्रीच्या जेवणाचा असतो. त्यावर पैसे खर्चून झोप उडवून घेण्यात फारसा अर्थ नाही.

शेकडो लोकांच्या बाटल्या एकत्र केल्या की हेच कच्चे दुवे एकमेकांना सावरतात. कुणाची वर गेलेली सकाळ, कुणाची खाली आलेली संध्याकाळ. सरासरी मग बऱ्यापैकी खरं बोलते. ही चाचणी व्यक्तीपेक्षा समाजाची आहे, आणि तिचे खरे पराक्रम तिथलेच आहेत.

जर्मनीत १९८०च्या दशकापासून पर्यावरणीय नमुन्यांची एक बँक चालते. म्यून्स्टर, हाले, ग्राइफ्सवाल्ड आणि उल्म या चार गावांतले विद्यार्थी दरवर्षी तिला २४ तासांची लघवी देतात, आणि ती द्रव नायट्रोजनवर उणे १५० अंशांच्याही खाली गोठवून ठेवली जाते. आज ज्या रसायनाचं नावही कुणाला ठाऊक नाही, ते उद्या शोधता यावं म्हणून ही साठवण. २००२ मध्ये थॅलेटना पर्याय म्हणून डिंच नावाचा नवा प्लास्टिसायझर बाजारात आला. पुढे बँकेतले ३०० नमुने वितळवून पाहिले. १९९९ च्या एकाही नमुन्यात डिंचची खूण नव्हती. २००३ मध्ये ७ टक्के नमुन्यांत होती, २००६ मध्ये ४३, २००९ मध्ये ८०, आणि २०१२ मध्ये ९८ टक्के नमुन्यांत. एखादं रसायन दुकानातून माणसात शिरताना वर्षागणिक असं क्वचितच कुणी पाहिलं असेल. डिंच थॅलेटपेक्षा निरुपद्रवी मानलं जातं, त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही. वेग मात्र थक्क करणारा आहे.

अमेरिकेतही असाच एक हिशेब झाला. २००१ ते २०१० दरम्यानच्या सर्वेक्षणात डीईएचपीच्या खुणा ३७ टक्क्यांनी घटल्या, डायइथाइलच्या ४२ टक्क्यांनी. खेळण्यांवरची बंधनं, लोकांचा दबाव, कंपन्यांनी बदललेले घटक, सगळ्याचा तो परिणाम असावा. त्याच काळात डीआयएनपी १४९ टक्क्यांनी वाढलं आणि डायआयसोब्युटाइल तिपटीहून अधिक झालं. एकाला दारातून हाकललं की त्याचा चुलतभाऊ खिडकीतून आत येतो. बंदीचे कागद वाचून हे कळलं नसतं.

या रसायनांची धास्ती कशासाठी, हे थोडक्यात सांगायला हवं. गाभण उंदरिणींना मोठ्या मात्रेत काही थॅलेट दिले की नर पिलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं आणि त्यांची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. माणसात असं होतं का, हे पाहायला २००५ मध्ये शॅना स्वान यांनी गरोदरपणात घेतलेल्या आयांच्या लघवीची आणि त्यांच्या ८५ मुलग्यांच्या शारीरिक मापांची सांगड घातली. काही थॅलेटचे तुकडे जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये त्याच दिशेचा, पण छोटा फरक दिसला. तेव्हापासून अशा अभ्यासांची रीघ लागली आहे, आणि सगळ्यांचे निकाल एका सुरात नाहीत. लघवीच्या एका-दोन बाटल्यांवर नऊ महिन्यांचा अंदाज बांधावा लागतो, हेही त्याचं एक कारण. त्यामुळे 'किती म्हणजे जास्त' याचं उत्तर सावधपणेच दिलं जातं. जर्मनीतल्या एका तज्ज्ञ आयोगाने २००७ मध्ये डीईएचपीच्या दोन तुकड्यांच्या बेरजेसाठी काही मर्यादा सुचवल्या: मुलांसाठी लिटरमागे ५००, बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांसाठी ३०० आणि बाकीच्यांसाठी ७५० मायक्रोग्रॅम. साखरेच्या रिपोर्टसारखी ठळक रेघ इथे नसते.

जेवणच मुख्य रस्ता असेल तर जेवण बदलून पाहावं, हा विचार अनेकांच्या मनात आला. दक्षिण कोरियात २५ जण पाच दिवस बौद्ध मठात राहायला गेले, भिक्षूंसारखं शाकाहारी जेवले, आणि त्यांच्या लघवीतले थॅलेटचे तुकडे कमी झाले. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पाच कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस माणसांनी तीन दिवस ताज्या भाज्या-धान्यांचं, प्लास्टिकला न लागलेलं जेवण घेतलं. डीईएचपीचे तुकडे ५३ ते ५६ टक्क्यांनी उतरले. वर्तमानपत्रांना आवडावी अशी गोष्ट, आणि ती त्यांनी आवडीने छापली.

मग सिएटलची पाळी आली. बालरोगतज्ज्ञ शीला सत्यनारायण यांनी दहा कुटुंबं घेतली. काहींना प्लास्टिक कसं टाळावं याची लेखी माहिती दिली, आणि काहींना पाच दिवस केटररकडून ताजं, स्थानिक, प्लास्टिक न वापरता बनवलेलं जेवण घरपोच दिलं. घरपोच जेवणाऱ्यांचे आकडे पडतील अशी अपेक्षा होती. ते २,३७७ टक्क्यांनी चढले, म्हणजे जवळपास २५ पट झाले. हादरलेल्या संशोधकांनी स्वयंपाकघरातला माल तपासायला घेतला. दुधात डीईएचपी निघालं. धणेपुडीत तर ग्रॅममागे २१,४०० नॅनोग्रॅम निघालं. धणेपुडीशिवाय ज्यांची एकही भाजी पुरी होत नाही अशा घरांत हा आकडा जरा जास्तच टोचेल. पण तो तिथल्या एका खेपेच्या मालाचा होता, सगळ्या जगातल्या धण्यांचा नव्हे. दळताना, नेताना, साठवताना प्लास्टिक कुठे लागलं असेल, ते पुडी पाहून कळत नाही. ताजं, स्थानिक आणि काचेच्या भांड्यात, एवढं करूनही ते चुकलं नाही. २०१३ मध्ये छापून आलेला हा फसलेला प्रयोग त्या यशस्वी प्रयोगांपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

लघवीने असे आणखी काही अनपेक्षित रस्ते उघडे पाडले आहेत. बोस्टनमधल्या वंध्यत्वाच्या एका अभ्यासात एका पुरुषाच्या नमुन्यात डायब्युटाइलचा तुकडा मिलिलिटरमागे १६,८६८ नॅनोग्रॅम निघाला. सर्वसामान्य पुरुषांतल्या चढत्या आकड्यांच्याही तो शेकडो पट होता. विचारपूस केली तेव्हा कळलं की तो आतड्याच्या सुजेवर एक गोळी घेत होता. ती पोटात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून तिच्यावर आवरण होतं, आणि त्या आवरणात डायब्युटाइल थॅलेट. बोस्टनच्याच दोन रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागातल्या ५४ नवजात बाळांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नळ्या-पिशव्यांशी सर्वांत कमी संबंध आलेल्या बाळांत एमईएचपीची मध्यम पातळी ४ नॅनोग्रॅम, सर्वांत जास्त आलेल्यांत ८६. त्या नळ्यांवरच त्यांचा जीव टिकून होता, हेही खरं. म्हणून तिथला उपाय नळी काढणं नव्हता, वेगळ्या मालाची नळी शोधणं होता.

भारताचं चित्र तुटक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी इथल्या वॉड्सवर्थ केंद्रात कुरुंतचलम कन्नन यांच्या गटाने आशियातल्या सात देशांतले नमुने तपासले. २०११ मध्ये छापलेल्या त्या तुलनेत थॅलेटच्या तुकड्यांच्या बेरजेत कुवेत पहिलं होतं आणि भारत दुसरा. चीन, व्हिएतनाम, जपान, कोरिया आणि मलेशिया त्याच्या मागे. मात्र दर देशातून आलेल्या बाटल्या मोजक्या होत्या, आणि तेवढ्यावर एवढ्या मोठ्या देशाबद्दल काही बोलणं धाडसाचं. खेळण्यांच्या बाबतीत भारताने १ जानेवारी २०२१ पासून मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा केला आणि त्या मानकांत थॅलेटवर मर्यादा आहे. पण त्याने मुलांच्या शरीरातलं प्रमाण उतरलं का, हे सांगणारं अमेरिका-जर्मनीसारखं वर्षानुवर्षांचं सलग सर्वेक्षण इथे नाही. खेळणं तपासता येतं. ते तोंडात घालणाऱ्या मुलाच्या बाटल्या कुणी साठवून ठेवलेल्या नाहीत.

साठवल्या तर काय हाती लागतं, याचं अलीकडचं उदाहरण पुन्हा जर्मनीतलंच. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याचा पर्यावरण विभाग ठराविक वर्षांनी बालवाड्यांतल्या दोन ते सहा वर्षांच्या मुलांची लघवी तपासतो. २०२४ च्या सुरुवातीला त्याने जाहीर केलं की २०२०-२१ मधल्या सुमारे २५० मुलांपैकी ६१ टक्के मुलांमध्ये डायहेक्साइल थॅलेटचा तुकडा सापडला. २०१७-१८ मध्ये तो २६ टक्क्यांत होता. हे रसायन युरोपात कधीच अतिधोकादायक यादीत गेलेलं, प्रसाधनांत तर सरळ बंदी असलेलं. कुणी ते बनवून विकत असल्याचा पत्ता नाही, आणि मुलांच्या अंगात मात्र वाढतंय. केंद्रीय पर्यावरण विभागाने आपल्या देशव्यापी सर्वेक्षणातले प्रौढांचे नमुने पाहिले, तर तिथेही चारांत एकाहून जास्त जणांमध्ये तेच.

संशय खेळण्यांवर गेला, चपलांवर गेला, अन्नावर गेला. शेवटी माग निघाला सनस्क्रीनमध्ये. उन्हापासून त्वचा वाचवणारा एक घटक तयार करताना थॅलिक आम्लाच्या कुळातलं द्रव्य आणि हेक्सानॉल वापरतात, आणि कारखान्याच्या भांड्यात या दोघांची थोडी थेट जोडीही जमते. तीच डायहेक्साइल थॅलेट. ती कुणी मुद्दाम घातलेली नव्हती, म्हणून घटकांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रक्रियेत नीट शुद्धी केली नाही तर ती मालात उरते, आणि उन्हाळ्यात आईबाप मुलांच्या अंगाला ती क्रीम भरपूर चोळतात. जोखीम मोजणाऱ्या सरकारी संस्थेने सापडलेल्या पातळ्यांनी आरोग्याला इजा होण्याची शक्यता फार कमी असल्याचं सांगितलं, सनस्क्रीन लावणं थांबवू नका असंही बजावलं, आणि अशुद्धी कमी करण्याचं काम कारखान्यांकडे गेलं.